जुनी मासेराती घ्यायचीय? कूपे की सेडान हे चौथ्या पायरीला ठरवा

अमेरिकेतल्या आपल्या लोकांकडून हा प्रश्न फिरून फिरून येतो. दोन दारांची कूपे, म्हणजे जुनी ग्रॅनट्युरिस्मो घेऊ की चार दारांची सेडान, म्हणजे जुनी क्वात्रोपोर्ते? आणि विचारणाऱ्याने गाडीचा रंग बहुतेक वेळा आधीच ठरवलेला असतो. नवी असताना लाख डॉलरच्या वर गेलेली गाडी आज साध्या नव्या कॅमरीच्या भावात, कधी त्याहूनही कमी पैशात जाहिरातीत दिसते, डोकं फिरतं, मग दोन दारं की चार दारं यावर घरात आठवडाभर चर्चा होते आणि शेवटी जी जवळच्या डीलरकडे चकाचक पुसून ठेवलेली असते ती घेतली जाते. सहा महिन्यांनी तोच माणूस विचारतो की क्लच इतक्यात कसा गेला.

चुकतं ते क्रमात. या दोन गाड्यांच्या पोटात एकाच घरातलं व्ही-एट इंजिन आहे, फेरारीच्या मारानेलो कारखान्यात बनलेलं. त्यामुळे खर्च किती येणार हे दारांवर ठरत नाही. ते गिअरबॉक्स कुठला, इंजिन कुठल्या पिढीतलं आणि आधीच्या मालकाने काय केलं यावर ठरतं. म्हणून आधी ही तीन गाळणं लावायची आणि त्यातून जे उरेल त्यात कूपे की सेडान बघायचं.

कुठल्या गाड्यांबद्दल बोलतोय ते आधी सांगतो. सेडान म्हणजे पाचव्या पिढीची क्वात्रोपोर्ते, २००३ ला फ्रँकफर्टला दाखवलेली, २०१२ पर्यंत बनलेली. कूपे म्हणजे २००७ ला जिनिव्हात आलेली ग्रॅनट्युरिस्मो, जी २०१९ पर्यंत चालू होती. दोन्हींचं डिझाइन पिनिनफरिनाचं. २०१३ ला आलेली नवी क्वात्रोपोर्ते आणि गिबली ही वेगळीच मंडळी आहेत, टर्बो इंजिन, आठ स्पीडचा गिअरबॉक्स, स्क्रीन क्रायसलरच्या घरातली. त्यांना हा लेख लागू होत नाही. जाहिरातीत नुसतं क्वात्रोपोर्ते लिहिलं असेल तर आधी वर्ष बघा.

१. गाडी बघायला जायच्या आधी

या पायरीत गाडी नाहीच. तीन फोन आणि एक मोजपट्टी, बस.

पहिला फोन मेकॅनिकला. तुमच्यापासून गाडी चालवत नेता येईल एवढ्या अंतरावर मासेराती-फेरारीचं काम करणारा स्वतंत्र गॅरेजवाला आहे का ते शोधा. आहे म्हणजे नुसता "युरोपियन कार्स" असा बोर्ड लावलेला नाही, त्याच्याकडे या गाड्यांशी बोलणारं डायग्नोस्टिक मशीन आहे का ते सरळ विचारा. लिओनार्डो किंवा कंपनीचा एसडी-थ्री टेस्टर, असलं काहीतरी नाव यायला पाहिजे. "आमच्याकडे सगळ्या गाड्यांचा स्कॅनर आहे" हे उत्तर आलं की आभार मानून ठेवून द्या. असा माणूस जवळपास नसेल आणि सगळ्यात जवळचा डीलर चार तासांवर असेल तर माझं स्पष्ट मत आहे की ही गाडी तुमच्यासाठी नाही, कूपेही नाही आणि सेडानही नाही.

दुसरा फोन इन्शुरन्सला, पण नुसतं मॉडेल सांगून नाही, जाहिरातीतला व्हीआयएन, म्हणजे त्या गाडीचा ओळख क्रमांक, देऊन कोटेशन घ्या. तिसरा तुमच्या बँकेला किंवा क्रेडिट युनियनला, कारण दहा-पंधरा वर्षं जुन्या गाडीला बरेच जण कर्ज देत नाहीत किंवा व्याज वाढवतात. डीलरच्या टेबलावर बसून हे कळलं तर तुम्ही तिथे देतील त्या दराला हो म्हणता.

आता बजेट. जेवढे पैसे आहेत तेवढ्याची गाडी घ्यायची नाही. गाडीची किंमत पडते, पार्टची पडत नाही, पार्ट अजूनही लाख डॉलरच्या गाडीचेच असतात. पहिल्या वर्षासाठी निदान पाच हजार डॉलर बाजूला काढा आणि त्यांना हात न लावता जे उरेल ते खरं बजेट. पेट्रोल प्रीमियमच लागतं आणि शहरात गॅलनला बारा-तेरा मैल धरून चाला, हायवेवर थोडं बरं.

मोजपट्टी गराजसाठी. क्वात्रोपोर्ते ५,०५२ मिलिमीटर लांब, म्हणजे साडेसोळा फुटांच्या वर. ग्रॅनट्युरिस्मो ४,८८१ मिलिमीटर, सोळा फूट. कूपे लांबीला कमी असली तरी तिची दारं लांबलचक आहेत, शेजारी दुसरी गाडी उभी असताना दार किती उघडतं तेही मोजा.

> खात्री करा: मेकॅनिक सापडला, इन्शुरन्सचा आकडा माहीत आहे, राखीव पैसे वेगळे काढले. यातलं एक जरी राहिलं असेल तर पुढची पायरी नको.

२. गिअरबॉक्स ओळखा

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर.

सुरुवातीच्या सगळ्या क्वात्रोपोर्तेमध्ये ड्युओसिलेक्ट नावाचा गिअरबॉक्स आहे. क्लच पेडल नाही, स्टिअरिंगमागे पॅडल आहेत, त्यामुळे विकणारा बिनधास्त "ऑटोमॅटिक" लिहितो. पण तो ऑटोमॅटिक नाहीये, आतमध्ये साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि एकच क्लच आहे आणि तो क्लच तुमच्या पायाऐवजी हायड्रॉलिक पंप दाबतो. खऱ्या ऑटोमॅटिकसारखी ही गाडी चालवली, म्हणजे ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकवली, चढावर ॲक्सिलरेटरवर धरून ठेवली, उतारावरच्या ड्राइव्हवेमध्ये रिव्हर्स घेत घेत लावली, की क्लच अक्षरशः उकडतो. नीट चालवणाऱ्याच्या हातात तोच क्लच कितीतरी जास्त टिकतो. बदलायचा म्हणजे काही हजार डॉलरचं काम.

२००७ पासून क्वात्रोपोर्तेला झेडएफ या जर्मन कंपनीचा सहा स्पीडचा खरा ऑटोमॅटिक मिळायला लागला, ६एचपी२६. ग्रॅनट्युरिस्मोमध्ये पहिल्यापासून हाच आहे आणि शेवटच्या वर्षापर्यंत हाच राहिला. याच घराण्यातला गिअरबॉक्स त्या काळातल्या बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीज आणि जॅग्वारमध्येही होता, म्हणून कुठलाही चांगला ट्रान्समिशनवाला याला ओळखतो.

कूपे म्हणजे ऑटोमॅटिकच असं मात्र धरू नका. २००८ च्या ग्रॅनट्युरिस्मो एस बरोबर एमसी-शिफ्ट नावाचा सिंगल-क्लच गिअरबॉक्स आला होता. ट्रॅकवर तो भारी आहे, पण ऑफिसला जायला ड्युओसिलेक्टचीच सगळी दुखणी.

फोटोवरून ओळखायचं कसं? मधल्या कन्सोलचा स्वच्छ फोटो मागा. पार्किंगचा पी दिसतोय आणि खाली नेहमीसारखा आर, एन, डी असा लिव्हर आहे, तर झेडएफ. पी कुठेच नाही, तर सिंगल-क्लच. फोटो "नंतर पाठवतो" म्हणाला तर तोपर्यंत तिकीट काढू नका.

ड्युओसिलेक्ट वाईटच का? नाही. वीकेंडला मोकळ्या रस्त्यावर पॅडलने चालवणाऱ्याला तो आवडतो. या गिअरबॉक्सच्या गाडीत वजन किंचित मागे झुकलेलं असतं कारण गिअरबॉक्स मागच्या ॲक्सलशी आहे, त्यामुळे पाच मीटरची सेडान असूनही वळणावर हलकी वाटते. पण रोजच्या ट्रॅफिकसाठी, किंवा घरातलं दुसरं कोणी चालवणार असेल, तर घेऊ नका. स्वस्तात मिळाली म्हणून तर अजिबात नाही, ती स्वस्त का आहे ते आत्ताच वाचलंत.

> सावधान: "क्लच आत्ताच बदललाय" या वाक्याला किंमत शून्य. बिल, तारीख, मायलेज आणि मशीनवरचा क्लच-झीजेचा आकडा, हे चारही जुळले तर विश्वास.

३. इंजिन कुठल्या पिढीतलं

इंजिनाचं घराणं एक असलं तरी तीन प्रकार डोक्यात ठेवा.

ड्युओसिलेक्टवाल्या क्वात्रोपोर्तेमध्ये ४.२ लिटर, ड्राय सम्प, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत, साधारण ४०० हॉर्सपॉवर. झेडएफ आला तेव्हा तेच ४.२ वेट सम्प करून बसवलं, साध्या गाडीसारखं खाली ऑइलपॅन. सुरुवातीची ग्रॅनट्युरिस्मोही याच ४.२ वर, ४०५ हॉर्सपॉवर. २००८ पासून ४.७ लिटर आलं, क्वात्रोपोर्ते एस, स्पोर्ट जीटी एस, ग्रॅनट्युरिस्मो एस आणि पुढे ग्रॅनट्युरिस्मो स्पोर्ट. ताकद गाडीप्रमाणे साधारण ४२५ ते साडेचारशेच्या वर. बॉनेट उघडल्यावर वेट सम्प ४.२ ची व्हॉल्व्ह कव्हरं निळी दिसतील आणि इतर दोघांची लाल, ही झटपट खूण आहे. शेवटचा पुरावा मात्र व्हीआयएनच, कव्हर कुणीही रंगवू शकतो.

तिन्हींमध्ये टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही. "बेल्ट आत्ताच केला" असं विकणारा म्हणाला तर त्याला गाडीबद्दल काही माहीत नाही किंवा तो वेगळ्याच गाडीबद्दल बोलतोय.

दुखणं आहे व्हेरिएटरचं. कॅमशाफ्टचं टायमिंग पुढेमागे करणारा हा पार्ट, तो झिजला की थंड इंजिन चालू करताना पहिल्या क्षणांमध्ये खडखड आवाज येतो. वेट सम्प इंजिनांमध्ये, खास करून सुरुवातीच्या ४.२ मध्ये, हे जास्त बघायला मिळतं. दुरुस्ती हजारोंमध्ये जाते कारण पार्ट महाग आणि मजुरी त्याहून मोठी.

म्हणजे गंमत अशी की जुन्या क्वात्रोपोर्तेमध्ये गिअरबॉक्सची कटकट पण इंजिन या बाबतीत निवांत, आणि नंतरच्या गाड्यांत गिअरबॉक्स निवांत पण कान व्हेरिएटरकडे. दोन्हीतून सुटका हवी असेल तर ४.७ आणि झेडएफची जोडी बघा, आणि त्यातही सर्व्हिसची फाइल जाड असलेली. सेडानमध्ये क्वात्रोपोर्ते एस, कूपेमध्ये एस ऑटोमॅटिक किंवा त्यानंतरची स्पोर्ट. आवाज तर ४.७ चा असा आहे की... असो, आवाजावर गाडी घ्यायची नाही म्हणून तर लेख लिहितोय.

४. आता ठरवा, कूपे की सेडान

इथपर्यंत तुमच्या यादीत दहातल्या दोन-तीन गाड्या उरल्या असतील. आता दारं मोजा.

मागच्या सीटवर वर्षभरात कोण बसणार ते प्रामाणिकपणे लिहून काढा. ग्रॅनट्युरिस्मो खरी चार सीटची आहे, इतर कूपेंसारखी मागे नुसती पिशवी ठेवायची जागा नाही, मोठा माणूस मागे बसतो, जेवायला जाऊन येण्याइतका बसतो. पण आई-बाबा भारतातून सहा महिने येणार असतील तर पुढची सीट सरकवून, वाकून, आत शिरणं त्यांना जमणार आहे का? गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला कूपेच्या मागे बसवून नायगाऱ्याला नेऊ नका. बाळाची कार सीट असेल तर तीच सीट घेऊन बघायला जा, पार्किंग लॉटमध्ये लावून बघा, पाठ काय म्हणते ते तिथेच कळेल.

डिकी. क्वात्रोपोर्ते ४५० लिटर, ग्रॅनट्युरिस्मो २६० लिटर. एअरपोर्टवरून येणाऱ्या दोन मोठ्या बॅगा कूपेच्या डिकीत जातील असं धरून चालू नका, बॅग नेऊन बघा.

चालवायला? कूपेचा व्हीलबेस २,९४२ मिलिमीटर, सेडानचा ३,०६४, फरक जवळपास पाच इंचांचा. कूपे वळणावर घट्ट वाटते पण ती हलकी स्पोर्ट्स कार नाही हो, मोठी जड लांबच्या प्रवासाची गाडी आहे. पोर्श नाइन इलेव्हन डोक्यात ठेवून बसलात तर निराश व्हाल. सेडान हायवेवर जास्त निवांत.

खर्च? इंजिन, झेडएफ, सस्पेन्शनची दुखणी मिळतीजुळती. सेडानमध्ये विजेवर चालणाऱ्या छोट्या मोटर जास्त, मागच्या सीटच्या, पडद्यांच्या, आणि एक्झिक्युटिव्ह जीटी असेल तर मागची लाकडी टेबलंसुद्धा, प्रत्येक वस्तू चालवून बघायची. कूपेच्या एस मध्ये पुढचे ब्रेक डिस्क लोखंड आणि ॲल्युमिनियम एकत्र ओतलेले आहेत, ते महाग. कूपेची दारं बिनचौकटीची, काच दार उघडताना थोडी खाली येते आणि बंद झालं की वर जाते. बॅटरी मेली असताना दार आपटलं तर काच आणि रबर दोन्हींचं नुकसान.

विकताना कूपे किंमत जास्त धरून राहते, त्याच वर्षाची, तसल्याच अवस्थेतली सेडान सहसा स्वस्त मिळते. त्यामुळे माझं मत: मागे माणसं महिन्यातून एकदाही बसणार नसतील तर कूपे, नाहीतर सेडान. "कधीतरी लागेल" म्हणून सेडान घेणारे आणि "मुलं काय होतात मोठी" म्हणून कूपे घेणारे, दोघंही वर्षभरात विकायला काढतात.

५. कागद, आणि कागदच

व्हीआयएन घ्या आणि तीन ठिकाणी टाका. गाडीचा इतिहास सांगणारा कारफॅक्स किंवा ऑटोचेक यातला एक रिपोर्ट, टायटलसाठी, म्हणजे मालकीच्या कागदासाठी, एनएमव्हीटीआयएस या सरकारी नोंदीचा रिपोर्ट, आणि एनएचटीएसए या रस्ता-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या साइटवर रिकॉल, म्हणजे दोष निघाल्याने कंपनीने परत बोलावलेली दुरुस्ती. रिकॉल फुकट बघता येतात आणि बाकी असलेला रिकॉल डीलर फुकट करून देतो, तरी लोक बघत नाहीत.

टायटलवर सॅल्व्हेज (भंगारात काढलेली), रिबिल्ट (त्यातून परत उभी केलेली), फ्लड (पुरात बुडालेली) असा कुठलाही शब्द असेल तर या गाडीच्या बाबतीत विषय संपला. पुरात बुडालेली इटालियन गाडी म्हणजे न संपणारं वायरिंगचं काम. वादळ येऊन गेलेल्या राज्यातून निघून दुसऱ्या राज्यात टायटल झालेली गाडी दिसली तर कार्पेटखाली, स्पेअरच्या खोबणीत, सीटच्या रेलवर गंज किंवा चिखल शोधा.

सर्व्हिसच्या फाइलमध्ये काय बघायचं? मायलेज कमी आहे याने भारावून जाऊ नका. वर्षाला हजार मैल चाललेली, तीन तीन वर्षं ऑइल न बदललेली गाडी ही कमी मायलेजची असली तरी नीट ठेवलेली नव्हे. मैल कमी असोत की जास्त, वर्षाला एक ऑइल बदल दिसायला पाहिजे. झेडएफ असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल बदलल्याचं बिल शोधा. कंपनी "लाइफटाइम" म्हणायची, पण झेडएफचा स्वतःचा सल्ला ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदला असा आहे, म्हणजे साधारण पन्नास ते पंच्याहत्तर हजार मैल. ब्रेक फ्लुइड, कूलंट, सस्पेन्शनचे आर्म, बॅटरी, हे सगळं कधी झालं त्याची एका कागदावर तारीखवार यादी करा. यादीत दोन-तीन वर्षांचं भगदाड दिसलं तर विकणाऱ्याला विचारा आणि गप्प बसा, त्याला बोलू द्या.

> खात्री करा: ओडोमीटरचे आकडे प्रत्येक बिलावर वाढत गेलेत का. एकाही ठिकाणी मागे गेले असतील तर उठा.

६. गाडीसमोर उभे असताना

आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर काहीही कारण सांगू दे, "आत्ता धुवायला बाहेर काढली" वगैरे, त्या दिवशी गाडी बघून झाली असं समजा आणि दुसऱ्या दिवशी परत या. व्हेरिएटरचा आवाज थंड इंजिनातच ऐकू येतो, विकणाऱ्यालाही ते माहीत असतं.

सिंगल-क्लच गाडी असेल तर दार उघडतानाच कान द्या. ड्रायव्हरचं दार उघडलं की हायड्रॉलिक पंप थोडा वेळ घूं करतो, ते बरोबर आहे. पण इंजिन चालू असताना, गिअर न बदलता, दर काही सेकंदांनी पंप परत परत चालू होत असेल तर दाब टिकत नाहीये.

मग चावी. पहिले दहा सेकंद कुणीही बोलायचं नाही, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, घरी परत ऐका आणि मेकॅनिकला पाठवा. चालू होताच खडखडाट येऊन गेला तर गाडी बाद, किंवा किमतीतून पूर्ण दुरुस्ती वजा.

इंजिन गरम होईपर्यंत आतली बटणं दाबत बसा. या गाड्यांच्या बटणांवरचा मऊ रबरी थर वर्षांनी चिकट होतो, बोटाला गुळासारखा लागतो. त्याने गाडी बंद पडत नाही, पण नीट करायला वेळ आणि पैसे जातात, घासाघीस करायला चांगला मुद्दा आहे. डॅशबोर्डचं लेदर काचेच्या बाजूला आक्रसून उचललंय का, छताचं कापड लोंबतंय का, तेही बघा. उन्हाच्या राज्यातल्या गाड्यांत हे हमखास.

टायर चारही एकाच कंपनीचे आहेत का आणि बाजूवरचा चार आकडी कोड काय, शेवटचे दोन आकडे म्हणजे वर्ष. पुढे-मागे साइझ वेगळी असते, फिरवून वापरता येत नाहीत. खोबणी खोल असली तरी आठ वर्षं जुना टायर बदलण्यातच धरा.

आता चालवा, आणि रेडिओ बंद. आधी खराब रस्ता किंवा स्पीड बंप शोधा. पुढून खटखट आली तर खालच्या आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट गेलेत, हे या दोन्ही गाड्यांचं नेहमीचं दुखणं आहे, भ्यायचं कारण नाही पण किमतीतून वजा करा. स्कायहुकचं, म्हणजे बटणाने कडक-मऊ होणारं, सस्पेन्शन असेल तर स्पोर्ट बटण दाबून फरक जाणवतो का बघा, ते शॉक ॲब्झॉर्बर महाग आहेत आणि गळतात. झेडएफ असेल तर पी मधून डी आणि आर मध्ये टाकताना किती वेळ लागतो, धक्का बसतो का, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनचे आरपीएम उगाच वर उडतात का. सिंगल-क्लच असेल तर हलक्या चढावर सुरुवात करा, थरथर किंवा जळका वास आला की कळलं.

निघायच्या आधी तुमचा स्वतःचा वीस डॉलरचा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारं यंत्र, लावा. तो क्लच वगैरे काही सांगणार नाही. पण रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःची तपासणी पूर्ण केलीय का ते सांगणाऱ्या खुणा, "तयार नाही" असे दाखवत असतील तर कोणीतरी आत्ताच चेक इंजिनचा लाइट पुसून टाकलाय, किंवा बॅटरी काढून लावलीय. कॅलिफोर्नियात असाल तर स्मॉग सर्टिफिकेट, म्हणजे धुराच्या तपासणीचा दाखला, देणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे, "तुम्ही करून घ्या" ऐकून घेऊ नका.

७. तपासणी तुमच्या मेकॅनिककडून

विकणाऱ्याच्या मेकॅनिककडून नाही, डीलरच्या "दीडशे पॉइंट चेक" च्या कागदावरून नाही. पहिल्या पायरीत शोधलेल्या माणसाकडून. आणि "बघून घ्या जरा" असं म्हणून सोडायचं नाही, लेखी यादी द्यायची:

- सगळ्या मॉड्यूलमधले साठवलेले एरर कोड, प्रिंटसकट
- सिंगल-क्लच असेल तर क्लच-झीजेची टक्केवारी आणि क्लच जिथे पकडायला लागतो त्या बिंदूचं रीडिंग
- इंजिनच्या पुढच्या बाजूला ऑइल गळती, गिअरबॉक्सचं पॅन आणि झेडएफ असेल तर वायरिंग जिथून आत जातं तिथल्या सीलची गळती
- बुश, बॉल जॉइंट, शॉक, आणि हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यातली गाडी असेल तर खालून सगळा गंज
- ब्रेक डिस्कची जाडी मोजून

काही शे डॉलर जातील. गाडी दुसऱ्या राज्यात असेल तर त्या गावातला मासेरातीवाला शोधून तिथे तपासणी लावा. विकणारा तपासणीला नाही म्हणाला तर चर्चा संपली, कितीही गोड बोलत असला तरी.

रिपोर्ट हातात आल्यावर लोक एक चूक करतात. चार हजारांची कामं निघाली की चार हजार कमी करून घेतात आणि खूश होतात. पण दुरुस्तीच्या वेळी आत अजून काहीतरी सापडतंच, म्हणून अंदाजाच्या दीडपट मागा. मिळालं नाही तर दुसरी गाडी आहे, या गाड्यांची बाजारात कमी नाही, घेणारे कमी आहेत.

८. घेतल्यावर पहिला महिना

इंजिन ऑइल आणि ब्रेक फ्लुइड बदला, मागचं बिल काहीही म्हणू दे. झेडएफचं ऑइल बदलल्याचं बिल नसेल तर तेही, आणि पॅन प्लास्टिकचं असून फिल्टर त्यातच असतो, म्हणून पॅनसकट बदलायचं.

बॅटरी मेंटेनर घ्या. आठवडाभर न चालवता उभी राहिली की बॅटरी उतरते आणि कमी व्होल्टेजवर ही गाडी नाही नाही ते एरर दाखवायला लागते, लोक घाबरून डीलरकडे ओढून नेतात. बॅटरी डिकीत आहे आणि डिकी विजेवर उघडते, म्हणजे बॅटरी मेली तर बॅटरीपर्यंतच पोचता येत नाही. आपत्कालीन उघडणी कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवा.

एक्स्टेंडेड वॉरंटी विकायला फोन येतील. कुठले पार्ट वगळलेत ती यादी आधी मागा. झिजणारे पार्ट म्हणून क्लच आणि बुश बाहेर ठेवले असतील आणि दाव्याला वरची मर्यादा असेल तर तेच पैसे राखीवमध्ये टाका.

दुबई किंवा मुंबईत घेत असाल तर

दुबईत पहिला प्रश्न जीसीसी स्पेक, म्हणजे आखाती देशांसाठी बनलेली, की अमेरिकेतून आलेली. अमेरिकेत अपघातात किंवा पुरात गेलेल्या बऱ्याच गाड्या तिथे नीट करून विकल्या जातात, म्हणून व्हीआयएनवर अमेरिकन रिपोर्ट काढाच. उन्हामुळे डॅशबोर्ड, छत आणि रबर यांची तपासणी दुप्पट कडक.

भारतात मासेराती अधिकृतपणे २०१० ला आली, मध्ये बंद पडली आणि २०१५ ला परत आली, त्यामुळे जुन्या गाड्या मोजक्याच. परदेशातून स्वतःची जुनी घेऊन येतो म्हणाल तर तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी नेहमीच्या मार्गाने आयात करता येत नाही, आणि उजव्या हाताचं स्टिअरिंगच लागतं, म्हणजे या लेखातल्या अमेरिकन गाड्यांचा प्रश्नच मिटला. तिथेच नोंदलेली घेताना सर्व्हिस बुकाच्याही आधी कस्टम्सचे कागद बघा, बिल ऑफ एंट्री (आयातीची नोंद) आणि भरलेली ड्युटी. ते नसतील तर गाडी कितीही देखणी असो, उद्या जप्त होऊ शकते. दिल्लीची गाडी फार स्वस्त दिसली तर तिचं वर्ष मोजा, पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या बंद करायच्या तिथल्या नियमामुळे अशा गाड्या बाहेर काढल्या जात होत्या. दुसऱ्या राज्यात नेण्यासाठीची एनओसी मिळते का आणि तुमचा आरटीओ ती स्वीकारतो का, हे टोकन द्यायच्या आधी आरटीओत जाऊन विचारून या, एजंटला फोन करून नाही.